तरंगणारा दाणा

२०२२ साल. मला सदुसष्टावं लागलं होतं, आणि त्या उन्हाळ्यात मी फोनला घाबरायला लागलो.

फोन वाजला की मी जागचा हलायचो नाही. सरू, म्हणजे आमची मंडळी, म्हणायची, "अहो, उचला की, किती वेळ वाजतोय." मी म्हणायचो, "तू उचल, माझे हात पिठाचे आहेत." हात कोरडे ठणठणीत असायचे. तिलाही ते दिसायचं. इतकी वर्षं संसार केलेली बाई, तिला काय दिसत नाही? पण तीच उठायची, फोन घ्यायची आणि मला नाव सांगायची. लोणी काळभोरच्या वैशालीचं नाव नसलं की मी श्वास सोडायचो.

ही भीती कसली होती ते कळायला आधी धंदा सांगावा लागेल. मी माशांचं खाद्य बनवायचो. पुण्यातला माणूस माशांचं खाद्य बनवतो म्हटलं की ऐकणारा हमखास विचारतो, "इथं समुद्र कुठं आहे?" पुण्यात विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, त्याला फक्त विचारायचं असतं. तरी सांगतो. शहराच्या कडेनं शेततळी आहेत, बंद पडलेल्या दगडखाणींत साठलेलं पाणी आहे, आता तर लोक परसात टाक्या बांधतात. तिथं मासे पाळतात, आणि पाळलेल्या माशाला रोज खायला घालावं लागतं, म्हशीला घालतात तसं.

शाळा माझी तिसरीपर्यंत. पुढचं शिक्षण मार्केट यार्डात झालं, पाठीवर पोती वाहून. पेंडीचं पोतं पाठीवर घेतलं की त्याचा वास दिवसभर नाकातून जात नाही. सरकीची कुठली, शेंगदाण्याची कुठली, कुठल्या पोत्याला आतून ओल लागलीय, कुठल्यात टरफल दळून घातलंय, हे मला न उघडता कळायचं. व्यापारी मला बोलावून हुंगायला लावायचे. पाठ गेली तेव्हा ते नाक घेऊन मी पुण्याजवळ मांजरी गावात पत्र्याची शेड टाकली आणि खाद्य बनवायला लागलो. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. हे मी अभिमानानं सांगत आलो. आता सांगताना जरा थांबावं लागतं.

माशाच्या खाद्यात मुख्य गोष्टी दोन. एक, अंग वाढवणारी. सुकटीचा कुटा, सोयाबीनची पेंड, शेंगदाण्याची पेंड. ही महाग. दुसरी म्हणजे पीठ. तांदळाची कणी, मका, मैदा. शिकलेले लोक याला कर्बोदकं म्हणतात, मी पीठच म्हणणार. पिठाचं काम चुलीतल्या सरपणाचं. माशाला हलायला-पोहायला जी ताकद लागते ती पिठातून मिळाली, तर महागाची पेंड नुसती अंग वाढवायला उरते. इथपर्यंत कुठलाही प्रोफेसर माझ्याशी भांडणार नाही.

पण पीठ आणखी एक काम करतं. माझं मशीन होतं ते पोंगे बनवणाऱ्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून उचललेलं. त्याची कॉइल जळली की मी बुधवार पेठेत जाऊन दुसरी आणायचो आणि स्वतः बसवायचो. त्या मशीनमधून गरम दाबानं पीठ बाहेर पडलं की फुलतं. फुललेला दाणा पाण्यावर तरंगतो. दाणा तरंगला की मासा वर येऊन खातो, मालकाला दिसतं किती खाल्लं, किती उरलं. बुडाला की गाळात सडतो आणि पाणी घाण करतो. म्हणून ज्याचा दाणा जास्त वेळ तरंगेल त्याचं नाव.

नाव माझं होतं. गिऱ्हाईक आलं की मी बादलीत मूठभर दाणे टाकायचो आणि त्याला चहा पाजायचो. चहा पिऊन झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, तरी दाणे वरच. मग मी बादलीकडं नुसतं बघायचो.

त्या तरंगण्याचं गुपित होतं टोस्टचा चुरा. बेकऱ्यांमध्ये तुटके टोस्ट, खारी, ब्रेडच्या कडा रोज उरतात. एकदा भाजलेलं पीठ परत मशीनमधून काढलं की असं फुलतं की विचारू नका. सुकटीचा भाव वाढला तसा मी कुटा कमी करत गेलो आणि चुरा वाढवत गेलो. दाणा आणखी हलका झाला, आणखी तरंगायला लागला. लोक म्हणायचे, "तात्या, तुमच्या हाताला गुण आहे."

रोहू, कटला, मृगळ ही आपली तळ्यातली मंडळी पीठ पचवतात. त्यांची जातच शेवाळ, पाला, कोंडा खाणारी. जास्त झालं तर वाढ मंदावते, बाकी धकून जातं. माझी बहुतेक गिऱ्हाइकं याच माशांची, त्यामुळे माझंही धकून गेलं.

मजा म्हणजे, पिठानं मासा बिघडतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. डेक्कनकडच्या एका बंगल्यात एक निवृत्त, पोट सुटलेले साहेब होते. अंगणातल्या हौदात रंगीत मासे. मासे फुगलेत, तिरके पोहतात, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी बघतोय तोवर साहेबांनी खिशातून पाव काढून कुस्करला.

मी म्हणालो, "साहेब, हेच कारण. पाव बंद करा."

"गेली सहा वर्षं ते पावच खातायत."

"म्हणून तर असे झालेत."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "आपण मासे बघायला आला आहात. माझ्याकडं बघून निदान नको."

मी बाहेर पडलो आणि रस्ताभर हसलो. सरूला सांगितलं, शिकलेला माणूस पण अक्कल नाही, माशाला पाव घालतो. आणि दुसऱ्या दिवशी शेडवर जाऊन चार पोती टोस्टचा चुरा मशीनमध्ये ओतला. त्या दिवशी मला यात काही विसंगत वाटलं नाही. पाव तो पाव, माझा तो दाणा.

वैशाली शेडवर आली ती त्या आधीच्या पावसाळ्याच्या शेवटी. लोणी काळभोरची सून, तिशीतली, बोलणं थोडं, प्रश्न नेमके. मत्स्यपालनाचं शिबिर करून आलेली. घरामागं जमिनीची एक पट्टी होती, तिथं सासऱ्यांना गोडाऊन बांधून भाड्यानं द्यायचं होतं. सासरे म्हणजे आण्णा. त्यांनी हिला एक हंगाम दिला होता. हंगाम चांगला गेला तर टाक्या राहतील, नाहीतर मुरूम टाकून बुजवायच्या. तिनं सिमेंटच्या दोन टाक्या बांधल्या होत्या आणि मरळ सोडली होती.

मरळ पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लांब, काळपट, सापासारख्या डोक्याचा मासा. वर येऊन हवा घेतो, म्हणून थोड्या पाण्यात जगतो. जिवंत विकला जातो. आणि मांस खातो. बेडूक, किडे, लहान मासे, भूक लागली तर स्वतःची भावंडंसुद्धा.

वैशालीनं सरळ विचारलं, "तात्या, तुमचा दाणा मरळीला चालंल का? शिबिरात सांगत व्हते, हिचं खाणं येगळं असतं."

मी बादलीत मूठ टाकली. "मासा तो मासा. शिबिरवाल्यांनी मशीन बघितलंय का कधी?"

ती बादलीकडं बघत राहिली. दाणे तरंगत होते. पोती घेऊन गेली.

हे माझं पाप. शब्द मोठा वाटेल, पण दुसरा सापडत नाही. तिनं विचारलं होतं, आणि मला "माहीत नाही" म्हणता आलं नाही. माझ्या उभ्या आयुष्यात ते दोन शब्द मी कुणापुढं उच्चारले नव्हते.

पहिले महिने झकास गेले. मासे गुबगुबीत झाले. वैशाली फोन करून सांगायची, मी शेडवर आलेल्या प्रत्येकाला सांगायचो. एकदा मी जाऊन बघून आलो. पोटं अशी भरलेली की मला माझ्याच हाताचं कौतुक वाटलं. एक गोष्ट खटकली होती. मरळ हातात धरली की अंगाला पीळ देते, हात सोडवून घेते. ही मरळ हातात मऊ लागली. लोण्याच्या गोळ्यासारखी. मी ते मनातून काढून टाकलं.

मग उन्हाळा लागला. मरळीत मोठी लहानीला खाते, म्हणून मधून मधून जाळं लावून लहान-मोठी वेगळी करावी लागतात. वैशालीनं आणि तिच्या नवऱ्यानं, सचिननं, पहिल्या टाकीला जाळं लावलं. तासाभरात मासे उलटे व्हायला लागले. संध्याकाळपर्यंत सगळ्या टाकीवर पांढरी पोटं.

मी पोचलो तेव्हा वैशाली कठड्यावर बसून मेलेले मासे घमेल्यात भरत होती. सचिन कडेला उभा. आण्णा लांब खुर्चीवर. कुणी रडत नव्हतं, ओरडत नव्हतं. त्यानंच मला जास्त भ्यायला झालं.

मी एक मासा उचलला आणि पोट चिरलं. मरळीचं काळीज, म्हणजे कलेजी, तांबूस, घट्ट असतं, बकऱ्याच्या काळजासारखं. हे फिकट पिवळं होतं, बेसनाच्या लाडवाच्या रंगाचं. सुजून दुप्पट झालेलं. बोट लावलं तर बोटाला तुपकट लागलं. आतड्याभोवती चरबीच्या गाठी. दुसरा चिरला. तसाच. तिसरा मी चिरला नाही.

 मी चाकू पाण्यात धूत राहिलो.

सचिन म्हणाला, "तात्या, काय झालं असंल?"

आणि मी म्हणालो, "खाणं जास्त झालंय. बाईंचा हात सैल सुटला असेल."

एवढंच. एक वाक्य. माझ्याकडं बोट यायच्या आधी मी ते दुसरीकडं वळवलं. वैशालीनं मान वर केली. "मी मापानं घालते, तात्या. डब्याला खूण केलीया." मी चाकू पुसायला लागलो. आण्णा खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "बायकांच्या हातात खाणं दिलं की आसंच व्हायचं. घरातली माणसं काय कमी फुगल्यात?" सचिन हसला नाही, पण त्यानं दाण्याच्या खोलीची किल्ली तिच्याकडून मागून घेतली.

त्या दिवसापासून मी फोनला घाबरायला लागलो. दुसरी टाकी अजून जिवंत होती, आणि तिच्यात माझाच दाणा पडत होता.

माझ्याकडं एक मॅडम यायच्या. मत्स्यशास्त्र शिकवतात, मुलांच्या प्रयोगाच्या टाक्यांसाठी रोहूचा दाणा न्यायच्या. त्यांना मी आडून विचारलं. "मॅडम, समजा एखाद्यानं मांसखाऊ माशाला पीठ जास्त घातलं. समजा."

मॅडम पोत्यावर बसल्या आणि त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. अशा माशानं जन्मात पीठ खाल्लेलं नसतं, ते खर्ची घालायची सोय त्याच्या अंगात फारच कमी. पिठाची साखर होते, रक्तात चढते आणि लवकर उतरत नाही. मग शरीर ती काळजात कोंबतं, चरबी करून साठवतं. वरून मासा धष्टपुष्ट दिसतो. आतून काळीज थकलेलं असतं. साधा रोगही झेपत नाही. जाळं लागलं, पाणी बदललं, ऊन वाढलं की बसलेला धक्का सहन होत नाही, मासा जातो.

"म्हणजे शुगरच की," मी म्हणालो.

"बरीचशी तशीच," मॅडम म्हणाल्या. "थोडं पीठ चालतं, दाणा बांधायला लागतंच. पण ते किती, हे जातीप्रमाणं ठरतं. तुम्ही कुणाला दिलात का असा दाणा?"

"नाही हो. आपलं सहज."

मला शुगर म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. सरूला आहे. घरात बोट टोचायचं मशीन आहे. मी हट्टी माणूस. मॅडमनं सांगितलं म्हणून मानायचं माझ्या स्वभावात नाही, मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. खरं सांगायचं तर मला त्यांचं खोटं ठरवायचं होतं. मी सरूचं मशीन आणि पट्ट्यांची डबी पिशवीत टाकली. आधी बाजारात धरणातली जिवंत मरळ घेऊन बसणाऱ्याकडं गेलो. घमेल्यात हाल होऊन आलेली मरळ, तिच्या शेपटाशी टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. मासेवाला म्हणाला, "काका, विकत घेणार का आधी दवाखान्यात नेणार?" आकडा आला तो मी हातावर पेनानं लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोणीला गेलो. सचिन कामाला गेला होता, आण्णा देवळात. टाकीतले मासे आदल्या दुपारपासून उपाशी होते. मी एक धरला, टोचलं, पट्टी लावली. वैशाली शेजारी येऊन उभी राहिली.

"तात्या, माशाला शुगर बघताय?" ती खूप दिवसांनी हसली. "आता गोळ्या पण चालू करायच्या का?"

मशीनवर आकडा आला. सरूचे डॉक्टर ज्या आकड्याला रागावतात, त्याच्याही वर. उपाशीपोटी. हातावरचा आकडा त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हता. मी दुसरा मासा धरला. तसंच.  

"काय आलं?" तिनं विचारलं.

तिच्या घरात दोन आठवडे तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं, हे मला दिसत होतं. तिला टाकीजवळ यायला चोरी झाली होती. तिच्या टाक्या वाचवायला माझ्या हातातला तो आकडा पुरेसा होता.

"काही नाही," मी म्हणालो. "मशीन बिघडलंय."

 माझ्या हातावर पेनानं लिहिलेलं होतं तिथं तिनं एकदा बघितलं. मी बाही खाली ओढली.

पुढचे दिवस कसे गेले ते लिहिण्यासारखं नाही. मी शेडवर जायचो, मशीन लावायचो, दाणे फुलून बाहेर पडायचे आणि मला त्यांच्याकडं बघवायचं नाही. रोहूवाल्या गिऱ्हाइकांचेही फोन घेताना आवाज चाचरायचा. वाटायचं, प्रत्येक तळ्यात आत कुठंतरी पिवळं काळीज आहे, मला दिसत नाही एवढंच. जेवण जाईना. सरूनं विचारलं, "माझ्या मशीनला माशाचा वास कसा आला?" मी तिला सगळं सांगून टाकलं. तिनं पट्ट्यांची डबी धुऊन पुसून कपाटात ठेवली आणि म्हणाली, "त्या पोरीला सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगता?"

मार्चच्या शेवटी लोणीहून फोन आला. सरूनं घेतला, नाव सांगितलं नाही, फोन सरळ माझ्या कानाला लावला. वैशाली होती. आवाज शांत. "तात्या, आण्णांनी डंपर सांगितलाय. उद्या सकाळी मुरूम येणार. दुसऱ्या टाकीतला माल आज व्यापाऱ्याला देऊन टाकायचा म्हणतायत. दुपारी जाळं लावणार. तुम्हाला ठावं असावं म्हणून सांगितलं." आणि फोन ठेवला.

जाळं लावणार. जाळं लागलं की ती टाकीही जाणार, आणि ते तिच्याच नावावर पडणार. दोन्ही टाक्या बाईच्या हातानं गेल्या, असं गाव म्हणेल. आणि मी मांजरीत बसून लोकांना बादली दाखवत राहणार.

मी रिक्षा केली. बससाठी थांबलो असतो तर थांब्यावरच माझा निश्चय उतरला असता, हे मला ठाऊक होतं. लोणी येईपर्यंत मी रिक्षावाल्याला दोनदा "मागं फिरव" म्हणालो. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "आजोबा, एकदा ठरवा. मला यू टर्न घ्यायला दीड किलोमीटर जावं लागतं." ठरवता ठरवता लोणी आलं.

ओट्यावर आण्णा आणि सचिन बसले होते. टाकीच्या कडेला जाळं काढून ठेवलेलं. सचिन म्हणाला, दोन दिवस खाणं बंद ठेवलंय, व्यापाऱ्याला रिकाम्या पोटाचा मासा लागतो. वैशाली दारात उभी.

आण्णा म्हणाले, "या तात्या. शेवटचा निवद बघाया आला व्हय?"

मी चप्पल काढली नाही, बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, आणि चहा पिऊन कुणाला खरं सांगता येत नाही.

"जाळं लावू नका," मी म्हणालो. "लावलं तर हे पण मरतील. खाणं जास्त झालेलं नाही. खाणंच चुकीचं आहे. माझ्या दाण्यात टोस्टचा चुरा आहे, भरपूर. मरळीला तो पचत नाही. काळीज सुजतं. पहिली टाकी त्यानंच गेली. बाईंचा हात मापातच होता."

 आण्णांनी सुपारी तोंडात एका गालातून दुसऱ्या गालात घेतली.

"म्हंजी आमच्या सुनंनं न्हाई, तुमच्या टोस्टनं मारलं म्हणा की."

"हो."

"आन् ह्ये तुम्हाला आज कळलं?"

यावर खोटं बोलायची संधी होती. शेवटची. जीभ वळलीही होती.

"नाही," मी म्हणालो. "पहिल्या दिवशी पोट चिरलं तेव्हाच शंका आली होती. नंतर खात्री झाली."

सचिन उठून उभा राहिला. मला वाटलं मारतो. मी डोळे मिटले नाहीत. त्यानं वळून बायकोकडं बघितलं, आणि मग त्याला तिच्याकडंही बघवेना. खिशात हात घालून त्यानं किल्ली काढली, उंबऱ्यावर ठेवली. तिनं ती उचलली नाही.

वैशालीनं विचारलं, "तात्या, त्या दिवशी मशीन बिघडलं न्हवतं ना?"

"नव्हतं."

ती आत गेली.

मॅडमकडून मी नंतर आडून उपायही विचारून ठेवला होता, तो सगळा मी सचिनला सांगितला. जाळं अजिबात लावायचं नाही. पाणी एकदम बदलायचं नाही. माझा दाणा बंद. ओली मासळी बारीक करून, अगदी थोडी थोडी, आणि काळजाला उतार पडायला काही आठवडे जातील, त्यातही काही मासे जातील. वाचतीलच अशी हमी मला देता येत नाही. हे शेवटचं मी दोनदा म्हणालो, कारण ते म्हणायची सवय नव्हती.

आण्णांनी डंपरवाल्याला फोन लावला. "अरं, उद्या नको. का म्हंजी? आमच्या हितं मासं आजारी हायेत." मग फोन ठेवून मला म्हणाले, "तात्या, तुमचं वय बघून शिव्या देत न्हाई. पण उद्यापास्नं हिकडं दिसू नका."

मी परत आलो. शेडवर गेलोच नाही. मशीनला हात लावला नाही. सरूनं विचारलं, "सांगितलंत?" मी मान डोलावली. भीती गेली असेल असं तिला वाटलं. गेली नव्हती. आता ती माझ्या नावाची राहिली नव्हती, त्या टाकीतल्या माशांची झाली होती, आणि ही जास्त वाईट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजार उघडतानाच गेलो, बारीक ताजी मासळी घेतली, बादलीत बर्फ टाकला आणि पहिल्या बसनं लोणीला उतरलो. येऊ नका म्हणाले होते. मी आयुष्यात कुणाचं ऐकलंय? फाटकाला आतून कडी होती. मी हाक मारली नाही. बादली खाली ठेवून उभा राहिलो. बऱ्याच वेळानं वैशाली पाणी शेंदायला बाहेर आली. तिनं माझ्याकडं बघितलं, बादलीकडं बघितलं. कडी काढली.

"आत या," म्हणाली. "पण टाकणार मी."

तिनं घरातून विळी आणली, टाकीजवळच्या फरशीवर ठेवली. मी मांडी घातली, पहिला मासा धरला आणि चिरला. तिनं एक तुकडा बोटांत घेऊन बघितला आणि परत माझ्यासमोर टाकला.

"अजून बारीक करा."

मी तो तुकडा परत विळीवर धरला आणि बारीक करायला लागलो.